डावीकडचं पान

पुण्यातल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत दोघं शेजारी शेजारी बसत. त्याला सगळे झालंशेठ म्हणत, कारण कुठलंही काम दिलं तरी दुपारच्या चहाच्या आत त्याच्याकडून ‘झालं!’ अशी आरोळी यायची, आणि बहुतेक वेळा ते खरंच झालेलं असायचं. तिला थांबाताई म्हणत. ‘थांबा जरा’ म्हणून ती सुरुवात करायची आणि मागोमाग असा एखादा प्रश्न टाकायची, ज्याचं उत्तर कोणाकडे नसायचं. नेमकी बैठक संपत आलेली असताना हे व्हायचं, त्यामुळे लोक जास्तच वैतागत. गोष्टीत अशी जोडी आली की एक शहाणा आणि एक मूर्ख निघणार हे वाचक धरूनच चालतो. तसं धरू नये. झालंशेठची बुद्धी तल्लख होती, आणि या गोष्टीतला एक मोठा खड्डा त्यालाच दिसला, तिला नाही.

कंपनीचं स्वतःचं डेटाबेस इंजिन होतं. ओरॅकल किंवा पोस्टग्रेसच्या तोडीचं नव्हे. सी भाषेत लिहिलेलं, हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या पोटात बसणारं, आटोपशीर. गिऱ्हाइकं म्हणजे पतसंस्था, दूध संघ, मार्केट यार्डातले अडते. ज्याने हे इंजिन लिहिलं तो कधीच नोकरी सोडून गेला होता, आणि त्यातल्या इंडेक्सच्या कोडला ९ वर्षांत फारसा कोणी हात लावला नव्हता. त्या फायली जणू सोवळ्यात होत्या. चालतंय ना, मग कशाला शिवायचं?

तक्रार आली पश्चिम महाराष्ट्रातल्या एका दूध संघाकडून.

दुधाचा पगार दर दहा दिवसांनी होतो. गावोगावच्या दूध संस्था आपापल्या सभासदांची बिलं करून संघाकडे पाठवतात: लिटर, फॅट, एसएनएफ, दर, त्यातून पशुखाद्याची उचल वजा, आणि खाली उरलेली रक्कम. संघ बँकेला यादी देतो, पैसे खात्यावर जमा होतात. या संघाचा नियम सोपा होता. संध्याकाळी पाचपर्यंत आलेली बिलं आजच्या यादीत, पाचनंतरची उद्याच्या. पाच वाजता यादी काढायला घेतली तरी उशिरा जाग्या झालेल्या संस्थांची बिलं आत येतच राहायची. त्यांच्यावर पाचनंतरची वेळ असल्यामुळे आजच्या यादीत ती धरली जात नसत. आणि यादी काढायची ती मोठ्या रकमेकडून लहान रकमेकडे, कारण बँकेत कधी पैसे कमी पडले तर मोठ्या गोठेवाल्यांचे फोन आधी येतात. हे कारण कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

तक्रार अशी होती की मधूनच एखाद्या सभासदाचं नाव यादीत नसतं. बिल दुपारीच आलेलं, संगणकावर दिसतंय, तरी यादीतून गळलंय. पुन्हा यादी काढून बघितली की नाव हजर. पण तोवर पहिली यादी बँकेला गेलेली असायची, आणि दुसऱ्या दिवशीच्या यादीत पाचनंतरचीच बिलं निघणार. म्हणजे गळलेला माणूस कायमचा गळला, जोवर तो स्वतः येऊन विचारत नाही.

संघाचे लेखापाल अण्णा जुन्या वळणाचे. संगणकावर त्यांचा राग नव्हता, पण विश्वासही नव्हता. असं नाव गळालं की ते एका वहीत लिहून ठेवत: तारीख, गाव, सभासद क्रमांक, रक्कम. त्या वहीच्या पानांचे फोटो त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले आणि फोनवर एवढंच म्हणाले, “नवीन आवृत्ती बसवल्यापासून हे जास्त व्हायला लागलंय बघा.”

झालंशेठने काम घेतलं. नव्या आणि जुन्या आवृत्तीतला फरक काढला. इंडेक्सच्या आसपास एकच बदल होता: एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना लॉग फायलीत एक ओळ लिहिली जात होती, कोणीतरी तपासणीसाठी घातलेली. त्याने ती उडवली. मग दोन प्रोग्राम लिहिले, एक बिलं ओतणारा आणि एक याद्या काढणारा, आणि रात्रभर चालवले. लॉगची ओळ असताना रात्रीत चार-पाच वेळा नावं गळत. ओळ काढल्यावर एकदाही नाही. सकाळी आल्या आल्या त्याने जाहीर केलं, “झालं!”

साहेब खूश. “आजच्या आज पाठवून द्या.”

“थांबा जरा,” ती म्हणाली. “लॉगची एक ओळ लिहिली म्हणून माणूस का गळतो?”

“गळतो ना. काढली की गळत नाही. आणखी काय पुरावा पाहिजे?” झालंशेठ म्हणाला.

“ती ओळ करते काय? फायलीत लिहिते. थोडा वेळ खाते. वेळ खाल्ला तर यादी उशिरा निघावी. चुकीची का निघावी?”

बैठकीत कोणी बोललं नाही. झालंशेठचं वाचन दांडगं होतं. त्याने जिम ग्रे यांचा दाखला दिला. व्यवहार-प्रक्रियेवरच्या कामासाठी १९९८ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालेले ग्रे टँडम कंपनीत असताना त्यांनी १९८५ साली संगणक बंद का पडतात यावर एक निबंध लिहिला होता. त्यात त्यांचं निरीक्षण असं की प्रत्यक्ष वापरात उरलेल्या बहुतेक चुका या बघायला गेलं की नाहीशा होणाऱ्या असतात; अशा वेळी काम नव्याने सुरू केलं की सहसा ते सुरळीत पार पडतं. अशा चुकांचं हायझेनबग हे नाव त्या निबंधाने रूढ केलं. “म्हणजे ग्रेसुद्धा म्हणतात, पुन्हा चालवा. आपणही यादी दोनदा काढू. लॉगही काढलाय. आणखी कुठे खोदत बसायचं?”

दाखला चुकीचा नव्हता. इंजिनियरिंगमध्ये पुन्हा प्रयत्न करणं ही पळवाट नाही, कित्येक टिकाऊ यंत्रणा त्याच तत्त्वावर उभ्या आहेत. पण ग्रे यांच्या मांडणीत एक अट आहे, आणि दाखले देताना अटी मागे राहतात. यंत्रणेचा जो भाग बिघडेल त्याने तत्काळ थांबावं, आपण बिघडलो हे सांगावं. मग पुन्हा प्रयत्न. थांबाताईने तेवढंच विचारलं: “आपला प्रोग्राम थांबतो का? कुरकुर करतो का? तो तर यादी पूर्ण आहे असं सांगून मोकळा होतो. पुन्हा चालवायचं हे कळणार कसं? आणि दोन याद्या जुळल्या तरी दोन्हीत तेच नाव गळलेलं नसेल कशावरून?”

साहेबांनी साहेबांसारखा निर्णय दिला. लॉग काढलेली आवृत्ती संघाला गेली आणि थांबाताईला पुढच्या पगारापर्यंत मुदत मिळाली.

तिने कोड उघडला नाही. आधी अण्णांची वही टंकून घेतली. हे मला या गोष्टीत सर्वांत आवडतं. आपल्याकडे बग म्हटला की लोक थेट कोडमध्ये शिरतात, आणि ज्याला भोगावं लागलं त्याने काय लिहून ठेवलंय ते शेवटी बघतात, बघितलंच तर. तिने नावं गावाप्रमाणे लावली, काही दिसेना. बँकेच्या शाखेप्रमाणे लावली, संस्थेप्रमाणे लावली, तेच. अण्णांनाही हा सुटा सुटा प्रकार वाटला होता, कारण एका गावातून एखादंच नाव यायचं. मग तिने एका तारखेची नावं रकमेप्रमाणे लावली आणि हात थांबला. त्या दिवशी गळलेले सातही जण २,१४० आणि २,२९० या दोन रकमांच्या मधले होते. दुसरी तारीख घेतली: सगळे १,९०० च्या आसपास. तिसरी घेतली: पुन्हा तसाच एक सलग तुकडा.

तिने अण्णांना फोन लावला. “अण्णा, त्या तारखेला २,१४० ते २,२९० मधली एकूण बिलं किती होती, बघता का?”

बराच वेळ की-बोर्डचा आवाज येत राहिला. “४३ हायत की.”

“त्यातली यादीत किती गेली?”

पुन्हा आवाज. मग अण्णा हळू म्हणाले, “एक पण नाही.”

वहीत ७ नावं होती. ३६ जण विचारायलाच आले नव्हते.

इथे इंडेक्सबद्दल थोडं सांगायला हवं. या इंजिनातल्या इंडेक्सची रचना, बी-ट्री, रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्क्राइट यांनी बोइंगच्या संशोधन प्रयोगशाळेत मांडली. त्यांचा लेख १९७२ साली छापून आला आणि आजही बहुतेक डेटाबेस तिच्यावरच चालतात. रकमा चढत्या क्रमाने ठरावीक आकाराच्या पानांवर मांडलेल्या असतात. पोस्टग्रेसमध्ये हे पान सहसा ८ किलोबाइटचं असतं, मायएसक्यूएलच्या इनोडीबीत १६ चं. पान भरलं की दुभंगतं: लहान रकमांचा अर्धा भाग जुन्या पानावर राहतो, मोठ्या रकमांचा अर्धा नव्या पानावर जातो, आणि ते नवं पान जुन्याच्या लगेच उजवीकडे ओळीत बसतं. १९८१ साली फिलिप लेहमन आणि एस. बिंग याओ यांनी यात एक साधी दिसणारी भर घातली. प्रत्येक पानावर उजव्या शेजाऱ्याचा क्रमांक लिहून ठेवायचा. मग कोणी वाचत असताना पान दुभंगलं तरी वाचणारा हरवत नाही. हवी ती रक्कम इथे नसेल तर उजवीकडे सरकून बघतो. एकाच वेळी शेकडो जणांनी एकच इंडेक्स वापरायचा तर हा दुवा फार मोलाचा. पण तो सांभाळतो डावीकडून उजवीकडे जाणाऱ्याला. संघाची यादी उजवीकडून डावीकडे निघत होती.

सलग रकमा एकदम गळतात याचा अर्थ अख्खं पान गळतंय. हे कळल्यावर मग तिने कोड उघडला, आणि आता वाचायच्या ओळी फार नव्हत्या. उलट वाचणारा प्रोग्राम हातातलं पान वाचून संपवी, त्यावरचा डाव्या शेजाऱ्याचा क्रमांक घेई, हातातल्या पानाचं लॉक, म्हणजे वाचताना ते कोणी बदलू नये म्हणून लावलेलं कुलूप, सोडी, आणि मग डाव्या पानाचं लॉक घेई. सोडणं आणि घेणं यांच्या मधे एक फट होती. लॉगची ओळ नेमकी त्या फटीत बसलेली होती.

फट दिसली म्हणजे काम संपलं असं तिने धरलं नाही. फटीतून माणूस पडताना बघायचा होता. तिने इंजिन पुन्हा बांधलं, पानाचा आकार इतका लहान करून की एका पानावर चारच नोंदी मावाव्यात. दोन खिडक्या उघडल्या. एकीत यादी काढणारा प्रोग्राम डीबगरखाली चालवला आणि बरोबर त्या फटीत ब्रेकपॉइंट लावून गोठवला. दुसऱ्या खिडकीतून एकच नवं बिल आत टाकलं, असं की डावीकडचं पान भरून दुभंगावं. मग पहिल्या प्रोग्रामला सोडलं. यादीतून दोन नावं गेली. पुन्हा केलं, पुन्हा दोन. मग तिने झालंशेठच्या आवृत्तीवर, लॉग काढलेल्या, तेच केलं. तिथेही तीच दोन.

तिने त्याला हाक मारली. त्याने एकदा बघितलं, दुसऱ्यांदा बघितलं, मग तिचा की-बोर्ड आपल्याकडे ओढून स्वतः केलं.

“मला कळलं नाही,” तो म्हणाला. कमी लोक हे वाक्य उच्चारतात.

“समज, तुझ्या घराच्या डावीकडे भावाभावांचा एक मोठा वाडा आहे,” ती म्हणाली. “तुला सगळ्या घरांत पत्रिका द्यायच्या आहेत. वाड्याचा घर नंबर तू लिहून घेतलास आणि चप्पल घालायला आत गेलास. तेवढ्यात भावांची वाटणी झाली, मधे भिंत पडली, आणि तुझ्याकडच्या अर्ध्या भागाला नवा नंबर मिळाला. तू जुना नंबर वाचत थेट पलीकडच्या दारात गेलास. तिथे पत्रिका दिल्यास आणि पुढे निघालास. मधल्या घराला आमंत्रणच नाही.”

“आणि लॉग म्हणजे...”

“चप्पल घालायला लागणारा वेळ. तू तो कमी केलास.”

तो गप्प बसला. मग म्हणाला, “पण माझ्या रात्रभराच्या टेस्टमध्ये एकदाही गळलं नाही.”

“तुझ्या टेस्टमधल्या रकमा कशा होत्या?”

“१ ते १ लाख, कुठल्याही.” बोलता बोलता त्याच्याच लक्षात आलं. रकमा सगळीकडे सारख्या पसरल्या तर पानं सावकाश भरतात, आणि वाचणाऱ्याच्या अगदी शेजारचं पान त्याच क्षणी दुभंगणं हा मोठा योगायोग ठरतो. संघात तसं नव्हतं. एक म्हैस किंवा एखादी गाय, वेळेला दोन-अडीच लिटर दूध, दहा दिवस, त्यातून उचल वजा. असे सभासद सर्वांत जास्त, आणि त्यांची बिलं सगळी २,००० च्या अलीकडे-पलीकडे. नवी बिलंही तिथेच येऊन पडत, पानं तिथेच भरत, तिथेच दुभंगत. पन्नास गाईंच्या गोठ्याची रक्कम ज्या पानावर होती ते पान महिनोन्महिने शांत असे. कोडमध्ये कुठेही लहान-मोठा असा भेद केलेला नव्हता. तरी फटीत पडायचे ते लहानच.

“आता हे किती वेळा होईल?” त्याने विचारलं.

“आधी महिन्यातून होत होतं. आता कदाचित वर्षातून एकदा. आणि वर्षातून एकदाच झालं तर कोणाला सॉफ्टवेअरचा संशय येणार? म्हणतील, गावच्या सचिवानेच बिल पाठवलं नसेल. त्याला चार माणसांत ऐकून घ्यावं लागेल.” थोडं थांबून ती म्हणाली, “जी चूक बोलावल्यावर येत नाही, ती गेली असं आपण कशाच्या जोरावर सांगायचं? ही आता बोलावली की येते. आता घालवता येईल.”

साहेबांना दोघांनी मिळून दाखवलं. साहेबांनी लगेच उपाय सुचवला: “मग हातातलं पान सोडूच नका. आधी डावं धरा, मग उजवं सोडा.” बाहेरून बघणाऱ्याला हेच सुचणार. अडचण अशी की पान दुभंगवणारा प्रोग्राम डाव्या पानाला लॉक लावून उजव्या पानाकडे येत असतो, कारण उजव्याला त्याचा डावा शेजारी बदलल्याचं सांगायचं असतं. आपण उजवं धरून डाव्याची वाट बघायची, तो डावं धरून उजव्याची. दोघं जागच्या जागी. लॉक सगळ्यांनी एकाच दिशेने घ्यायची ही शिस्त मोडली की नावं गळण्याऐवजी संघाचा संगणकच गोठणार. ९ वर्षांपूर्वीच्या त्या लेखकाने पान आधी सोडलं होतं ते आळसाने नव्हे. त्याला अर्धी गोष्ट ठाऊक होती.

उरलेली अर्धी तिने पोस्टग्रेसच्या कोडमध्ये शोधली. तो कोड सर्वांसाठी खुला आहे. लेहमन-याओंच्या लेखात फक्त उजवा दुवा; पोस्टग्रेसने उलट वाचनासाठी डावा जोडला, आणि त्यासोबत येणारी जोखीमही लिहून ठेवली. डावीकडे सरकण्याच्या त्या भागात सूचनाच इतक्या आहेत की कोड त्यांच्यातून शोधावा लागतो. पद्धत अशी. डाव्या पानावर गेलात की त्याचा उजवा शेजारी कोण ते वाचा. तुम्ही आलात तेच पान असेल तर ठीक. नसेल तर मधे कोणी आलंय. उजवीकडे सरकत जा, जोवर तुमच्या पानाला उजवा शेजारी मानणारं पान सापडत नाही. अशा उड्या चारच मारायच्या, आणि चार हा आकडा मनाने ठरवलेला आहे असंही तिथेच लिहिलंय. मला असा प्रांजळपणा आवडतो.

तिने आपल्या इंजिनात ते लिहिलं. दहा-बारा ओळी. ब्रेकपॉइंटची कसरत पुन्हा केली. नावं जागच्या जागी. तिने चारच उड्यांची मर्यादा मात्र घातली नव्हती. आपल्याकडे एवढी गर्दी कुठे, असं तिला वाटलं.

“थांबा जरा,” झालंशेठ म्हणाला. ऑफिसात दोन-तीन माना वळल्या.

“आपण ज्या पानावरून आलो, तेच मधल्या वेळात रिकामं होऊन काढून टाकलं तर? अडत्यांकडे रोज पावत्या रद्द होतात, तिथे पानं रिकामी होतात. मग त्याला शेजारी मानणारं कोणीच उरणार नाही. तुझा लूप शोधत शोधत उजव्या टोकाला जाईल, तिथे शेजारी संपले की यादी संपली असं समजेल. एक पान नाही, उरलेली सगळी यादी जाईल.”

तिने कोड बघितला. तसंच होतं. चार उड्यांनंतर पोस्टग्रेस मागे वळून जुन्या पानाकडे का बघतं याचं कारण तिच्यासमोर होतं आणि तिने ते नुसतं वाचून सोडलं होतं. दोघांनी मिळून ती बाजू लिहिली: चार उड्यांत सापडलं नाही तर मूळ पानाकडे परत जायचं, त्यावर काढून टाकल्याची खूण असेल तर उजवीकडचं पहिलं जिवंत पान गाठायचं आणि तिथून पुन्हा डावीकडे निघायचं. मग त्यांनी हाही प्रसंग डीबगरखाली घडवला. आधी दुरुस्ती न करता, यादी खरोखर तुटते का ते बघण्यासाठी. तुटली. मग दुरुस्ती करून.

गोठवण्याच्या त्या जागा त्यांनी टेस्टमध्ये कायमच्या ठेवल्या. आता कोणीही इंडेक्सच्या कोडला हात लावला की टेस्ट स्वतःच फटीत थांबते, पान दुभंगवते, पान काढून टाकते, आणि नावं मोजते. पोस्टग्रेसनेही अशा ठरवून थांबण्याच्या जागांची सोय २०२४ साली, १७ व्या आवृत्तीत केली. अशा सोयी वेग वाढवत नाहीत, जाहिरातीत दिसत नाहीत. सोवळ्यातल्या फायली मात्र त्यांच्यामुळे रोजच्या वापरात येतात.

राहिलं होतं ते आधी गळून गेलेल्यांचं. झालंशेठने एक तपासणी लिहिली: पाचच्या आत आलेलं, तरी कुठल्याच यादीत न गेलेलं बिल शोधायचं. संघाच्या जुन्या नोंदींवर ती चालवली. लॉगची ओळ यायच्या कितीतरी आधीच्या दोन तारखा निघाल्या. तेव्हाही असाच सलग तुकडा, तेव्हाही लहान रकमा, आणि तेव्हा कोणी वहीही ठेवलेली नव्हती. अण्णांनी संचालकांसमोर विषय मांडून पैसे द्यायला सुरुवात केली. काही रकमा वारसांना गेल्या. एका बाईंना त्यांनी विचारलं, मावशी, एवढे पैसे आले नाहीत तर विचारलं का नाहीत? त्या म्हणाल्या, पेंडीच्या उचलीत वळते करून घेतले असतील असं वाटलं.

नव्या आवृत्तीसोबत सर्व गिऱ्हाइकांना पत्र जायचं होतं. साहेबांनी मजकूर तयार ठेवला होता: ‘कामगिरीत किरकोळ सुधारणा.’ त्यांचीही बाजू होती. दोन पतसंस्थांचे करार नूतनीकरणाला आलेले. झालंशेठने त्यांच्यासमोर १६ जून २०२२ चं पोस्टग्रेसचं निवेदन ठेवलं, १४.४ या आवृत्तीचं. १४ व्या आवृत्तीत वेगासाठी केलेल्या एका बदलामुळे, काम चालू असताना बांधलेल्या इंडेक्समधून नोंदी सुटू शकत होत्या. त्यांनी तो बदल मागे घेतला आणि जगभरच्या वापरणाऱ्यांना स्पष्ट शब्दांत सांगितलं की असे इंडेक्स पुन्हा बांधून घ्या. “त्यांचे ग्राहक पळाले नाहीत, सर,” तो म्हणाला. “आणि आपल्याकडे नुसता इंडेक्स पुन्हा बांधून भागणार नाही. लोकांचे पैसे अडकलेत.”

साहेब बराच वेळ पत्राकडे बघत राहिले. मग त्यांनी आपली ओळ खोडली आणि पेन झालंशेठकडे सरकवलं. त्याने लिहिलं: मोठ्याकडून लहानाकडे काढलेल्या याद्यांतून काही नोंदी सुटत होत्या. ही चूक सुरुवातीपासून होती. दुरुस्ती सोबत आहे. जुन्या याद्या तपासण्याचा प्रोग्राम सोबत आहे, तो आधी चालवा.

पत्र गेल्यावर पहिला फोन एका पतसंस्थेच्या व्यवस्थापकांचा आला. आवाज चढलेला. आमच्याकडे असलं काही झालेलं नाही, आमच्या एकाही ठेवीदाराची तक्रार नाही, उगाच अशी पत्रं पाठवून लोकांना घाबरवता कशाला?

झालंशेठने सगळं ऐकून घेतलं.

“बरोबर आहे साहेब,” तो म्हणाला. “तो प्रोग्राम चालवून बघितलात?”